मणक्याची दुखापत आणि अपघाताचा दावा: ऑपरेशनच्या बिलापलीकडचे कागद

फाईलबंद

मोटार अपघाताच्या दाव्यांमध्ये मणक्याच्या केसेस सगळ्यात मोठ्या रकमेच्या असतात आणि सगळ्यात कच्च्याही. पाय मोडला तर खर्च ऑपरेशनवर होतो आणि बहुतेक तिथेच संपतो. मज्जारज्जू गेला तर ऑपरेशनचं बिल हा दाव्यातला लहान आकडा. मोठा आकडा असतो पुढची वीस-तीस वर्षं उचलायला-वळवायला लागणाऱ्या माणसाचा, कॅथेटरचा, डायपरचा, गादीचा. नेमके त्याचेच कागद कुणाकडे नसतात. म्हणून हा धागा.

सुरुवात केस पेपरपासून. अ‍ॅडमिट करताना रिसेप्शनवर किंवा कॅज्युअल्टीत "काय झालं?" विचारतात, घाबरलेला नातेवाईक "गाडीवरून पडला" म्हणतो आणि कागदावर फक्त "पडल्याचा इतिहास" असं उतरतं. दोन वर्षांनी विमा कंपनीचा वकील तोच कागद काढतो: समोरची गाडी कुठे आहे यात? तेव्हा पहिल्याच नोंदीत तारीख, वेळ, ठिकाण, कुठल्या वाहनाने कशी धडक दिली, हे लिहिलं गेलंय का ते डोळ्यांनी बघा. एमएलसी (पोलिसांना कळवायची केस) नंबर घ्या. चुकीचं लिहिलं असेल तर डिस्चार्जच्या आत लेखी अर्ज देऊन दुरुस्तीची नोंद करून घ्या. खाडाखोड नको, वेगळी नोंद आणि डॉक्टरांची सही.

मग पोलीस. फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, वाहनाचा आरटीओ तपासणी अहवाल, आरसी, लायसन्स, पॉलिसी. १ जुलै २०२४ पासून कलमं भारतीय न्याय संहितेची लागतात: बेदरकार वाहन चालवण्याला २८१, साध्या दुखापतीला १२५(अ), गंभीर दुखापतीला १२५(ब). पहिल्या दिवशी एमआरआय झालेला नसतो, त्यामुळे १२५(अ) लागतं आणि तसंच राहून जातं. मणक्याचं फ्रॅक्चर ही व्याख्येनेच गंभीर दुखापत आहे. डॉक्टरांचं अंतिम इंज्युरी सर्टिफिकेट पोलिसांकडे पोचलं आणि कलम वाढलं का, हे विचारत राहा.

हॉस्पिटलमधून घ्यायचं ते: डिस्चार्ज कार्ड, एमआरआय-सीटीच्या फिल्म आणि रिपोर्ट दोन्ही, ऑपरेशन नोट्स, स्क्रू-रॉडच्या पाकिटावरचे स्टिकर, पूर्ण इनडोअर पेपर आणि नर्सिंग चार्ट. मेडिक्लेमला मूळ बिलं जाणार असतील तर त्याआधी साक्षांकित प्रती काढा. मेडिक्लेमचे पैसे मिळाले म्हणून ते भरपाईतून वजा होत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये हे स्पष्ट केलं आहे, तेव्हा मेडिक्लेम लपवायचं काही कारण नाही.

घरी आल्यावर एक दोनशे पानी वही घाला. तारीख, वस्तू, रक्कम, मेडिकलचं पक्कं बिल चिकटवलेलं. मदतनीस ठेवला तर महिन्याची पावती त्याच्या सहीने, आणि जमेल तिथे पगार यूपीआयने. कच्च्या चिठ्ठीवर "डायपर ३ पाकिटं" लिहून आणलेल्याला कोर्टात किंमत नाही.

निवांत_वाचक

चांगला धागा. पण घाई कशाला? एमएसीटीला, म्हणजे मोटार अपघात दावा ट्रिब्युनलला, मुदत नसते ना? पाच-पाच वर्षांनी केलेले दावे चालल्याचं ऐकलंय.

वकीलपत्र

ते जुनं झालं, आणि या समजुतीने फार नुकसान होतंय. मोटार वाहन कायद्याच्या १९९४ च्या दुरुस्तीने मुदत काढून टाकली होती, २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आणली. १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६(३) लागू आहे: अपघातापासून सहा महिने. या कलमाला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसणं म्हणजे दुसऱ्याच्या खटल्यावर आपलं घर टांगणं.

मणक्याच्या केसमध्ये यातून एक पेच येतो. पहिले सहा महिने चित्र हलत असतं, सूज उतरते, कुणाच्या पायात ताकद येते, कुणाच्या नाही. डॉक्टर म्हणतात अपंगत्वाचं सर्टिफिकेट इतक्यात नको. घरचे सर्टिफिकेटची वाट बघतात आणि मुदत उलटते. सर्टिफिकेट नसतानाही अर्ज दाखल होतो. "कायमचं अपंगत्व, टक्केवारी नंतर दाखल करू" असं लिहून मुदतीत टाका. मागितलेली रक्कम कमी पडली तरी ट्रिब्युनल जास्त देऊ शकतं, ते सुप्रीम कोर्टाच्या नागप्पा निकालापासून (२००३) ठरलेलं आहे.

दुसरं, पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल ट्रिब्युनलला द्यायचा असतो, आणि कलम १६६(४) प्रमाणे तो अहवालच अर्ज म्हणून धरता येतो. कागदावर छान आहे. पण अहवाल गेला का, केव्हा गेला, हे तुमच्या हातात नाही. स्वतःचा अर्ज टाकाच.

कुठे टाकायचा? अपघात झाला तिथे, तुम्ही राहता तिथे किंवा प्रतिवादी राहतो तिथे. नाशिकच्या माणसाला सोलापूरजवळ अपघात झाला तर त्याने नाशिकला दावा करावा. स्ट्रेचरवरच्या पेशंटला दर तारखेला सोलापूर गाठायची गरज नाही. जबाबासाठी कोर्टात येणं शक्यच नसेल तर कोर्ट कमिशनर घरी येऊन जबाब नोंदवू शकतो, तसा अर्ज करावा लागतो.

मेरुदंड_फिजिओ

वैद्यकीय बाजू थोडी उलगडतो, कारण दाव्यातले आकडे इथूनच येतात.

"मणका मोडला" आणि "मज्जारज्जू दुखावला" या दोन वेगळ्या गोष्टी. मणका मोडून मज्जारज्जू शाबूत असेल तर माणूस बेल्ट लावून काही महिन्यांत चालतो. मज्जारज्जूच्या इजेसाठी एशिया श्रेणी लावतात, ए ते ई. ए म्हणजे पूर्ण इजा, गुदद्वाराजवळच्या शेवटच्या सॅक्रल भागातही संवेदना नाही की हालचाल नाही. बी म्हणजे संवेदना आहे, हालचाल नाही. सी आणि डी मध्ये कमी-जास्त ताकद, ई म्हणजे नॉर्मल. पहिल्या काही दिवसांत स्पायनल शॉक (इजेखालचा मज्जारज्जू तात्पुरता बंद) असतो, त्यामुळे ७२ तासांनंतरची तपासणी जास्त विश्वासाची. डिस्चार्ज कार्डावर नुसतं "पॅराप्लेजिया" (दोन्ही पाय लुळे) न लिहिता इजेची पातळी आणि श्रेणी लिहून घ्या, उदाहरणार्थ "डी-१०, एशिया ए". डी म्हणजे छातीच्या भागातले मणके, एल म्हणजे कंबरेचे. त्या एका ओळीवर दाव्याचा अर्धा भाग उभा राहतो.

लघवी. मज्जारज्जूच्या बहुतेक पेशंटना मूत्राशयावर ताबा राहत नाही. कायमची पिशवी लावून ठेवण्यापेक्षा दर चार ते सहा तासांनी कॅथेटर घालून काढणं बरं, त्याला सीआयसी म्हणतात. दिवसाला चार-पाच वेळा, म्हणजे महिन्याला दीडशेच्या आसपास वेळा. वर जेली, हातमोजे, युरिन कल्चर, जंतुसंसर्ग झाला की अँटिबायोटिक. हा खर्च आयुष्यभराचा आहे आणि डॉक्टरांच्या प्रिस्क्रिप्शनवर "सीआयसी, दिवसातून पाच वेळा, कायम" असं लिहिलेलं नसेल तर विरुद्ध बाजू म्हणते हे तुमच्या मनाचं.

जखमा. झोपून असताना दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. खुर्चीत दर १५ ते ३० मिनिटांनी अंग उचलून दाब काढायचा. माकडहाड, टाचा आणि खुब्याची हाडं, या जागा रोज आरशात बघायच्या. लाली दाबूनही पांढरी पडत नसेल तर जखम सुरू झालीय. रात्री दोन तासांनी वळवायचं म्हणजे एक माणूस चोवीस तास पुरत नाही, आणि मदतनीस किती लागतील याचा युक्तिवाद इथेच आहे. कूस बदलल्याचा तक्ता भिंतीला लावून खुणा करत जा, तो पुरावाही होतो.

मानेची इजा, किंवा डी-६ आणि त्यावरची, असेल तर आणखी एक धोका: मूत्राशय भरलं, मलावरोध झाला किंवा नख आत गेलं तरी रक्तदाब एकदम चढतो, डोकं फुटल्यासारखं दुखतं, चेहरा लाल होतो, घाम येतो. तेव्हा ताबडतोब बसतं करायचं, कपडे सैल करायचे, कॅथेटर दुमडलंय का बघायचं. उतरलं नाही तर हॉस्पिटल. घरच्या सगळ्यांना हे पाठ हवं.

आणि अपघाताच्या जागीच होणारी चूक: दोघांनी खाकेत आणि गुडघ्यांत धरून झोळीसारखं उचलणं, मग रिक्षाच्या मागच्या सीटवर दुमडणं. अपूर्ण इजा पूर्ण होते ती अशी. १०८ ची वाट बघा. उचलावंच लागलं तर एकाने डोकं-मान धरायची, तिघांनी अंग, आणि ओंडका वळवतात तसं एकसाथ वळवून फळीवर घ्यायचं.

ढवळगिरी

एक नेहमीचा प्रकार विचारतो. बसच्या शेवटच्या सीटवर बसलेल्या बाई, गतिरोधकावर बस आदळली, उडून पडल्या, कंबरेचा मणका दबला. धडक कुणाचीच नाही. याला अपघात धरतात का?

वकीलपत्र

धरतात. वाहनाच्या वापरातून झालेला अपघात एवढं पुरेसं आहे, दुसऱ्या गाडीची धडक लागत नाही. बस एसटीची असेल तर बहुधा विमा कंपनी नसते, महामंडळ स्वतःच प्रतिवादी. खाजगी बस असेल तर मालक आणि विमा कंपनी.

मेरुदंड_फिजिओ

शेवटची सीट मागच्या चाकांच्या बरीच मागे येते, म्हणून तिथे उसळी सगळ्यात जास्त. माणूस वर जाऊन सरळ बुडावर आदळतो आणि डी-१२, एल-१ या सांध्यावर उभा दाब येतो. मणका पुढून पाचरीसारखा चेपतो किंवा फुटतो. यात बचाव ठरलेला असतो: बाई साठीच्या, हाडं ठिसूळ, फ्रॅक्चर जुनंच. म्हणून एमआरआय लवकर करा आणि त्यात एसटीआयआर सिक्वेन्स असू द्या (नावात एसटी असली तरी महामंडळाचा संबंध नाही). ताज्या फ्रॅक्चरमध्ये हाडाच्या मगजात सूज पांढरी चमकते, जुन्यात नाही. काही महिन्यांनी एमआरआय केला तर हा पुरावा विरून जातो.

फाईलबंद

त्याच मुद्द्यावर तिकीट. मशीनचं तिकीट थर्मल कागदाचं असतं, काही आठवड्यांत कोरं होतं. त्याच दिवशी झेरॉक्स आणि मोबाईलवर फोटो. प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यात ठेवलं तरी उन्हाळ्यात अक्षर राहत नाही. वाहकाला नोंद करायला सांगा, जमलं तर बस थेट पोलीस ठाण्यात किंवा दवाखान्यात न्यायला लावा. नाहीतर बस पुढे जाते आणि "असं काही घडलंच नाही" सुरू होतं. सहप्रवाशांचे दोन नंबर घ्या.

त्रैराशिक

आकडे मांडून दाखवतो, म्हणजे कशावर भांडायचं ते कळेल. उदाहरण काल्पनिक: वय ३२, वायरमन, महिना १८,०००, कमरेखाली पूर्ण लुळा.

स्वतंत्र व्यवसाय आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातील वाढ ४० टक्के (सुप्रीम कोर्टाचा प्रणय सेठी निकाल, २०१७). नोकरी कायम असती तर ५० टक्के. इजेच्या केसमध्येही ही वाढ मिळते, पप्पू देव यादव निकाल (२०२०). म्हणजे महिना २५,२००, वर्षाला ३,०२,४००. याला गुणक लावायचा, म्हणजे वर्षाच्या रकमेला जितक्याने गुणायचं तो वयानुसार ठरलेला आकडा: वय ३१ ते ३५ ला १६ (सरला वर्मा निकाल, २००९). एकूण ४८,३८,४००. मृत्यूच्या दाव्यात स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश वगैरे कापतात, इथे कापायचं नाही, कारण माणूस जिवंत आहे आणि जेवतो.

मदतनीस ९,००० धरला तर ९,००० × १२ × १६ = १७,२८,०००. मदतनिसासाठीही गुणक वापरायचा हे काजल विरुद्ध जगदीश चंद (२०२०) मध्ये आलंय. त्यात दोन मदतनीस, प्रत्येकी ५,००० आणि गुणक १८ धरून २१,६०,००० फक्त या एका बाबीखाली दिले होते. कॅथेटर, डायपर, औषधं ४,००० धरली तर ७,६८,०००.

एवढ्यानेच ७३,३४,४०० झाले. झालेला दवाखान्याचा खर्च, वेदना, हिरावलेलं वैवाहिक जीवन, व्हीलचेअर आणि ती दर काही वर्षांनी बदलण्याचा खर्च वेगळा. व्याजही वेगळं.

आता गंमत बघा. सर्टिफिकेटवर ६० टक्के आलं आणि वकील गप्प बसला तर ४८,३८,४०० चे २९,०३,०४० होतात. एका आकड्यात १९,३५,३६० गेले.

निवांत_वाचक

पण सर्टिफिकेटवर ६० आहे तर कोर्ट १०० कसं देईल?

वकीलपत्र

शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान ही दोन वेगळी मापं आहेत. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०१०) मध्ये सुप्रीम कोर्टाने क्रम घालून दिलाय: अपंगत्वानंतर माणूस काय करू शकतो, काय नाही, त्याचा व्यवसाय काय होता, आता तो किंवा दुसरा कुठला व्यवसाय जमेल का. शिडीवर चढणाऱ्या वायरमनचे पाय गेले तर त्याची कमाई शंभर टक्के गेली. तेच बसून काम करणाऱ्या अकाउंटंटचं असेल तर शंभर मिळेलच असं नाही, तिथे प्रवास, तासन्‌तास बसणं, सुट्ट्या यांचा पुरावा द्यावा लागतो.

सर्टिफिकेट नुसतं फाईलला लावून भागत नाही. डॉक्टरला साक्षीला आणावं लागतं, आणि शक्यतो उपचार करणारा डॉक्टर. ज्याने पेशंटला एकदाच बघितलं आणि ९० टक्के लिहून दिलं त्याची उलटतपासणीत साल निघते. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढाच, इतर सवलतींसाठी ते लागतंच.

उत्पन्नाचा पुरावा: आयकर विवरण असेल तर उत्तम, पण अपघातानंतर भरलेलं विवरण संशयाने बघतात. नसेल तर बँकेतल्या जमा, लायसन्स, ठेकेदाराची साक्ष, नाहीतर किमान वेतन.

सह्याद्रीपलीकडे

समोरचं वाहन सापडलंच नाही तर? किंवा चूक आपलीच असेल तर?

फाईलबंद

पळून गेलेल्या वाहनासाठी हिट अँड रन योजना: गंभीर दुखापतीला ५०,०००, मृत्यूला २ लाख. अर्ज तहसील-प्रांत पातळीवर चौकशी होऊन पुढे जातो. मणक्याच्या खर्चापुढे ही रक्कम म्हणजे दर्यात खसखस. म्हणून आधी टोलनाका आणि पेट्रोल पंपाचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवण्याचा लेखी अर्ज पोलिसांना द्या, फुटेज काही दिवसांत पुसलं जातं.

स्वतःची चूक असेल आणि गाडी स्वतःच्या नावावर असेल तर पॉलिसी काढून "मालक-चालक वैयक्तिक अपघात" ही ओळ शोधा. १५ लाखांचं कव्हर असतं, वैध लायसन्स लागतं, दोन्ही पाय कायमचे गेले तर पूर्ण रक्कम. हे फार लोक मागतच नाहीत. तसंच बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापणारी पंतप्रधान सुरक्षा विमा योजना: दोन्ही पायांचा वापर कायमचा गेला तर २ लाख. सातबारावर नाव असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना, अर्ज तालुका कृषी कार्यालयात. या तिन्हींत कळवण्याची मुदत कमी असते, महिन्याभरात कागद पोचते करा.

सुरुवातीच्या उपचारासाठी २०२५ ची कॅशलेस योजना आहे: अपघातापासून सात दिवस, दीड लाखांपर्यंत, मान्य हॉस्पिटलमध्ये.

वकीलपत्र

मागे बसलेल्याबद्दल राहिलं. दुचाकीची पॉलिसी नुसती थर्ड पार्टी असेल आणि चूक त्याच दुचाकीस्वाराची असेल तर मागे बसलेल्याला विमा कंपनी देत नाही, मालकाच्या मागे लागावं लागतं. पॅकेज (सर्वसमावेशक) पॉलिसी असेल तर कव्हर आहे. तिघे बसले होते एवढ्यावरून भरपाई कापता येत नाही, त्यामुळेच अपघात झाला असं विरुद्ध बाजूला दाखवावं लागतं. हेल्मेट नव्हतं हा बचाव डोक्याच्या इजेला चालेल, एल-१ च्या फ्रॅक्चरला त्याचा काय संबंध, एवढं विचारलं की पुरे.

खड्ड्याने अपघात झाला असेल तर मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२५ चा आदेश वाचा: जखमींना ५०,००० ते अडीच लाख, मृतांच्या वारसांना ६ लाख, जबाबदारी रस्ता सांभाळणाऱ्या संस्थेची. खड्ड्याचा फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून त्याच दिवशी काढा, नंतर तो रातोरात बुजतो.

ढवळगिरी

लोकअदालतीत मिटवावं का? कंपनीवाले लगेच चेक देतो म्हणतात.

त्रैराशिक

फ्रॅक्चर जुळून माणूस चालत असेल तर मिटवा, वर्षं वाचतात. एशिया ए असेल तर पहिल्या वर्षात माझ्या मते नाही. जखमा, किडनी, दुसरं ऑपरेशन, यातलं काहीच तोवर कळलेलं नसतं.

वकीलपत्र

इतकं सरसकट नको. प्रतिवादीचं लायसन्स बनावट निघालं किंवा पॉलिसी संपलेली निघाली तर कंपनी वर्षानुवर्षं लढते, त्यापेक्षा बरी तडजोड परवडते. मात्र लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. तेव्हा वर मांडलेलं गणित खिशात ठेवून जा, आणि समोरून येणारा आकडा बाबवार फोडून मागा. मदतनिसाचे किती धरले, हे विचारलं की बहुतेकदा शून्य निघतं. "बायको करतेच की" हे उत्तर तयार असतं. बायकोचं काम फुकट धरायला कायद्यात आधार नाही.

आणि वॉर्डात येऊन "इतके टक्के द्या, सगळं करतो" म्हणत वकालतनाम्यावर सही घेणाऱ्यांपासून लांब राहा. निकालाच्या टक्केवारीवर फी ठरवायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न न बघता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

मेरुदंड_फिजिओ

एक अप्रिय पण लिहायलाच हवं. हे पेशंट बरेचदा वर्ष-दोन वर्षांनी जखमेच्या सेप्सिसने (अंगभर पसरलेल्या जंतुसंसर्गाने) किंवा किडनीने जातात. घरी गेले तर दाखल्यावर "हृदयक्रिया बंद" एवढंच येतं.

वकीलपत्र

आणि मग मृत्यूचा अपघाताशी संबंध जोडता येत नाही. केलेला दावा बुडत नाही, कलम १६६(५) प्रमाणे तो वारसांकडे जातो, पण मृत्यूची भरपाई हवी तर संबंध दाखवावा लागतो. शेवटच्या आजारपणात हॉस्पिटलात दाखल केलं असेल तर मृत्यूच्या कारणात "अपघातातील मज्जारज्जूच्या इजेमुळे झालेल्या दाबजखमा, त्यातून सेप्सिस" अशी साखळी लिहून घ्या. दावा चालू असेल तर पोलिसांना कळवून शवविच्छेदन करून घ्या. घरचे नको म्हणतात, ते समजण्यासारखं आहे, पण नंतर हा कागद कुठूनच मिळत नाही.

सह्याद्रीपलीकडे

घरातल्या बदलांचा खर्च मागता येतो का?

मेरुदंड_फिजिओ

येतो, पण कोटेशन लागतं. उताराचं प्रमाण १ ला १२ धरा: उंबरा आणि पायरी मिळून सहा इंच असेल तर सहा फूट लांब रॅम्प. दरवाजाची मोकळी रुंदी ३२ इंच. जुन्या घरांत संडासाचा दरवाजा जेमतेम दोन फुटांचा असतो, खुर्ची आत जातच नाही, मग चौकट फोडावी लागते. गवंड्याकडून मापांसह सहीचं कोटेशन घ्या आणि दरवाजात टेप धरून फोटो काढा.